तीन सेकंद उशीर

उलुगुरूच्या पायथ्याशी, मोरोगोरोच्या बाहेर,
आमची शिफ्ट पहाटे साडेपाचला.
उंदरांना ऊन सोसत नाही.
मांजराएवढाले उंदीर. त्यांच्या कानांना, शेपटीला
झुहुरा सनस्क्रीन चोळते,
बाळाला तेल लावावं तसं, न बोलता.

सुरुंगाचा वास शिकवायचा असतो त्यांना.
मातीत पुरलेल्या चहाच्या गाळण्या,
प्रत्येकीत चिमूटभर स्फोटक.
दोन टोकांना दोन माणसं, मध्ये दोरी,
दोरीला करंगा.
करंगा म्हणजे शेंगदाणा, नाव तिनेच ठेवलेलं.
तो नाक खाली घालून जातो, थांबतो, माती उकरतो,
आणि त्याच क्षणी
टिक्.
झुहुराच्या मुठीतलं पत्र्याचं बटण.
मग सिरिंजमधून केळ्याचा घास.

मी पर्यवेक्षक. चौदा वर्षं.
खिशात लाल पेन्सिल आणि एक वही.
वहीत सगळं आहे: कोणाची दोरी सैल,
कोण सात मिनिटं उशिरा,
कोण कुठली गाळणी मोजायला विसरलं.
बरोबर झालेल्या कामाला रकाना नव्हता.
पगार कशाचा देतो मग, असं माझे आधीचे साहेब म्हणायचे,
आणि मीही म्हणायचो, त्यांच्याच आवाजात.
कौतुक केलं की माणसं डोक्यावर बसतात.
उंदीर मात्र तिच्या खांद्यावर बसलेले
मी रोज बघत होतो.

डिसेंबरात दार-ए-सलामहून एक बाई आली.
दोन दिवस प्रशिक्षण, भिंतीवर स्लाइड्स, मधल्या सुट्टीत समोसे.
तुमच्या माणसांना प्रोत्साहन द्या, म्हणाली.
मी सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं छापून घेतली,
मजकूर सगळ्यांना एकच, नावं तेवढी हातानं.
शाबास, उत्तम, अभिनंदन, शाबास,
आठवडाभर वाटत सुटलो
बारशाच्या घुगऱ्या वाटाव्यात तसा.
शाबानीने चेहरा पाडून विचारलं,
'साहेब, कामावरून काढताय का मला?'

झुहुराचं प्रमाणपत्र मला सापडलं
केळ्यांच्या बादलीवर. माशा बसू नयेत म्हणून.
मी रागावलो. ती म्हणाली,
'हे कशाबद्दल आहे?'
मला सांगता येईना.
'मार्चमध्ये करंगा आजारातून उठला,
रात्रभर मी त्याच्यापाशी होते,
सकाळी त्याने पहिली गाळणी शोधली. त्याबद्दल?
मार्चचं केळं डिसेंबरात दिलं
तर उंदीर काय शिकेल, साहेब?
डिसेंबर शिकेल.'

वरातीमागून घोडं, आणि ते हाकणारा मी.
रात्री वही काढली, पानं मागे नेली.
मार्च, तारीख अकरा.
झुहुरा: नऊ मिनिटं उशीर.
लाल.

पेन्सिल अजून तीच आहे, दुसरी आणली नाही.
पण गेल्या मंगळवारी, सहाव्या रांगेत,
कुंपणापलीकडे कोणीतरी मोटारसायकलला किक मारली
आणि करंगा बिचकला.
झुहुराने दोरी ओढली नाही.
बोटभर सैल सोडली, वाट बघितली.
सैल. हा शब्द मी वहीत किती वेळा लिहिलाय.
तो वळला, परत आला, हुंगलं, उकरलं.
टिक्. केळं.

माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं,
चौदा वर्षांपूर्वीचं असावं.
'ती दोरी,' मी म्हणालो, 'सोडलीस ना आत्ता...
ओढली असतीस तर गेला असता तो.'
एवढंच. शाबास वगैरे नाही.

तिने मान वर केली नाही.
सिरिंज पुसली, करंगाला खांद्यावर घेतलं.
'तीन सेकंद उशीर,' म्हणाली.
'उंदीर असते तर विसरले असते.'

सातव्या रांगेकडे जाताना ती गुणगुणत होती,
की करंगाच दात वाजवत होता,
ऊन चढत चाललं होतं,
मला नीट ऐकू आलं नाही.