खोटी हवा

ठमकेबाईंची गाडी आली तेव्हा
समोरच्या जिनिंगचा भोंगा व्हायचा होता.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा, इंजिनाच्या आकाराचा.
"अठराचं ॲव्हरेज अकरावर आलं," त्या म्हणाल्या,
"यवतमाळात दोनदा सेन्सर बदलला. दिवा काही जात नाही."
त्या पोस्टात असतात; पावत्या
तारखेनुसार टाचून आणल्या होत्या.

स्कॅनर लावला. कोड तोच: मिश्रण पातळ.
म्हणजे धुरात हवा जास्त, पेट्रोल कमी.
प्लग काढले तर काजळीनं काळेकुट्ट.
म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.
एकाच गाडीचे दोन साक्षीदार,
दोघंही शपथेवर.

एअर फिल्टर उघडला. कापसाचे तंतू, भुरका.
दारव्हा रोडवरच्या प्रत्येक गाडीच्या छातीत
थोडी गादी भरलेली असते.
झटकला. दिवा तसाच.

वायरीच्या मागून शिवणाची सुई सरकवून
मीटर जोडला. चांगला सेन्सर झोके घेतो,
पॉइंट एक, पॉइंट नऊ, पुन्हा पॉइंट एक.
हा तळाशीच बसलेला.
मग छोट्या सिलिंडरची नळी
हवेच्या वाटेवर धरली, गॅस जरासा सोडला,
आणि आकडा उसळला पॉइंट नऊवर.
जिवंत होता. चांगला तल्लख.

वहाब मिस्त्री बाजेवरून पाहत होते.
एकेकाळी त्यांचं नाकच आमचा मीटर.
सायलेन्सरमागं उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे,
"पाव आटा कस," म्हणायचे,
आणि पाव आटाच लागायचा.
त्या तापाच्या वर्षी वास गेला.
कुणाला बोलले नाहीत. अजून उकिडवे बसतात,
डोळे मिटतात, प्रत्येक गाडीला म्हणतात,
"पेट्रोल जास्त हाय."
आम्ही हो म्हणतो. मग त्यांच्या आडून मीटर लावतो.

आजही बसले.
मी माझं "हो" तयार ठेवलं होतं.
पण ते काही बोललेच नाहीत.
उठून बॉनेटशी आले.
"बंद कर. थंडी होऊ दे."

तासाभरानं, "मार सेल्फ."
तळहात ओला करून
एक्झॉस्टच्या सांध्याशी फिरवला,
तव्याचा ताव पाहतात तसा, न टेकवता.
एका जागी थांबला.
"ऐक लेका. टिक टिक. पालीवानी."

फाटलेलं गॅस्केट, सेन्सरच्या चार बोटं आधी.
तिथून बाहेरची हवा आत चोरटी शिरायची,
सेन्सर इमानानं ती सांगायचा,
इंजिन घाबरून पेट्रोल ओतायचं.
आणि यवतमाळवाल्यांनी दोनदा
खरं बोलणाऱ्यालाच काढून टाकलं.

दोनशे दहा रुपये, मजुरी वेगळी.
बाईंनी तीही पावती टाचली,
आधीच्या दोन्हींच्या वर.

चहा आला. गुड्डूनं दूध लावलं होतं,
करपट वास अख्ख्या गॅरेजभर.
बाईंनी कप ओठापासून परत ठेवला.
मिस्त्रींनी बशीसकट संपवला.
"आज चहा जमला हाय."
"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या कपाकडं पाहिलं.
"मंग तुहा काहून भरला हाय?"