ओळखीची तारीख

अंबडला, गरवारे पॉइंटपासून आत, तिसऱ्या गल्लीत
आमची लॅब. वीस अंश, बाराही महिने.
मायक्रोमीटर येतात, व्हर्नियर, प्लग गेज,
एक रात्र नुसते पडून राहतात
खोलीची सवय होईपर्यंत.
मगच इस्माईलभाई त्यांना हात लावतात, तोही हातमोजा घालून.
एक मायक्रॉन इकडेतिकडे झाला तर आम्हाला झोप नाही.

तारखा मात्र तीन महिने चुकत होत्या.

बोरस्ते सरांची पुतणी ह्यूस्टनहून आली होती,
जाताना जुना लॅपटॉप लॅबला ठेवून गेली.
चांगला होता, फक्त महिना आधी म्हणायचा.
आम्ही लिहिलं ४/७, म्हणजे चार जुलै,
त्याने ऐकलं सात एप्रिल
आणि काही न बोलता उजवीकडे नीट मांडून ठेवलं.
तेरा तारखेपासून पुढच्यांनी तरी कुरकुर केली.
तेरावा महिना त्या आणणार कुठून?
सेलच्या डाव्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या:
आम्ही तारीख नाही, आम्हाला अक्षरं समजा.
त्यांच्यामुळेच तर कळलं.
बारापर्यंतच्या सगळ्या शहाण्यासारख्या खोटं बोलत बसल्या होत्या.

इस्माईलभाईंच्या वहीत महिना अक्षरांत असतो.
'जुलै ची ४', निळ्या शाईत, जुलैखाली रेघ.
त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, बोलले काहीच नाहीत.

सोमवारी ऑडिटर. शनिवारी अंबडला सुट्टी,
प्रेसचे धक्के नाहीत, टेबलावरचा चहा हलत नाही.
मी मॅक्रो लिहायला बसले.

एक्सेलला सरळ विचारता येतं, तुझा क्रम काय?
ते एक आकडा देतं.
शून्य, तर महिना आधी. एक, तर दिवस.
दोन आलं तर वर्ष पुढे.
विचारल्याशिवाय सांगत नाही, एवढंच.

पण तेवढ्यावर माझं भागेना.
गेज म्हणतं पंचवीस, म्हणून आपण पंचवीस लिहितो का?
खात्रीच्या ठोकळ्यावर लावून बघतो.
तसं यंत्राला एक ओळखीची तारीख द्यायची,
म्हणायचं, लिही तुझ्या पद्धतीने, थोडक्यात,
आणि बघायचं कोण कुठे उभं राहतं.

पाच मे चालणार नाही. अकरा अकरा तर नकोच,
त्या दिवशी साऱ्या यंत्रांचं एकमत असतं
आणि कळत काहीच नाही.
तिन्ही आकडे वेगळे हवेत, दिवस बाराच्या वरचा.
बोटांनी आधीच लिहून टाकलं:
१९९८, ११, १९.

त्या गुरुवारी बाबा पहिल्या पाळीला गेले
आणि साडेआठला परत आले.
सातपूरच्या गेटवर कागद चिकटवलेला होता.
डबा उघडलेला नव्हता.
दुपारी शाळेतून आल्यावर तो मी खाल्ला,
मेथी, तीन गार पोळ्या, लोणच्याची फोड.
आई बघत होती, थांब म्हणाली नाही.
खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी
बाबा पुढे किती तरी वर्षं रोज घालत राहिले,
दूध आणायला जातानासुद्धा.

रविवारी बोरस्ते सर कोडवरून बोट फिरवत थांबले.
हीच तारीख का गं?
म्हटलं, तिन्ही आकडे वेगळे आहेत, सर.

आता लॅबमध्ये फाइल उघडली की
प्रत्येक यंत्र तो दिवस एकदा लिहितं.
रिसेप्शनचं १९-११-९८,
ह्यूस्टनवालं ११/१९/९८,
कोपऱ्यातलं एक, कोणी बसवलं देव जाणे, ९८ पासून सुरू करतं.
लिहितं, बघतं, पुसतं.
एवढं सगळं पापणी लवायच्या आत.
पडद्यावर नुसतं येतं: नोंद सुरू करा.

मी पट्टी खिशातून काढते
आणि करते.