ताव

लाइट गेली की अख्खं वरणगाव शिव्या देई
आणि सुपडू तात्या म्हणत, "चाल. आता दिसीन."

मे महिना. रात्रीचे नऊ,
तरी भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
पंख्याची पाती थांबायच्या आत
ताटलीत पाणी, हातात गॅसची छोटी बत्ती,
आणि चटईवर पन्नास पुंगळ्या,
तोंडं वर करून, घरट्यातल्या पिल्लांसारख्या.

आधीची दोन गेली, हे सुपात ठेवून जगवलं,
म्हणून सुपडू.
फॅक्टरीत एकतीस वर्षं पुंगळ्यांना गेज लावला.
जाते. नाही जात.
तिसरं उत्तर त्या टेबलावर नव्हतं.
रिटायर झाल्यावर परवाना, रायफल, नोंदवही,
आणि काकूंच्या शेवयांच्या पाटाला
चार बोल्टांनी आवळलेला दाब.
"सोऱ्याच हाये," काकू म्हणत, "पोट भरत नही एवढंच."
दांडा खाली ओढला की जळकी टोपी पडे
वाटीत, टक्.

झाडलेली पुंगळी फुगून येते,
मामाकडे सुट्टी काढून आलेल्या पोरासारखी.
जिच्यात फुटली त्या नळीचं माप अंगात धरून बसते.
तिला आधी चिंचेचा कोळ,
समया उजळायचा असतो तोच.
मग गच्चीवर, कुरडयांच्या शेजारी, वाळवण.
एकदा कावळ्यानं एक नेली.
तात्या तीन दिवस लोकांच्या गच्च्या हिंडले.
"एकोणपन्नास कसे लिहू? पन्नास व्हते."

तेलाचं बोट तर असं फिरवायचं
की लावलं म्हणावं आणि दिसू नये.
जास्त झालं, खांद्याला खळगा.
कमी झालं, डायमध्ये अडकते.
माझी अडकली.
मी चौदा वर्षांची, दांड्यावर अख्खी लोंबकळले.
"जोर कायले लावते? ते तुयापेक्षा हट्टी हाये."
मग ती काढण्यात त्यांची सगळी संध्याकाळ गेली
आणि मला एक शब्द बोलले नाहीत.
बोलले असते तर बरं झालं असतं.

दाबलं की मान लांबते.
पितळ वाहतं, ते सांगत, काकवीसारखं, पण वाहतं.
वाढलेलं कापायचं, काठ आतून-बाहेरून खरवडायचा.
तो सोनेरी कीस लुंगीवर, उंबऱ्यात,
एकदा भरताच्या वांग्यात.
त्यानंतर दोन दिवस घरात
फक्त दाबाचा आवाज होता.

पण ताव मात्र अंधारातच.
उजेडात पितळ खोटं बोलतं.
बूड चिमटीत धरून मान ज्योतीत फिरवायची.
बूड गार राहायला हवं, कडक.
मान नरम पडायला हवी,
नाहीतर पुढच्या बाराला चिरते.
आधी निळी झाक, कावळ्याच्या पंखासारखी,
मग काही नाही, काही नाही,
मग केळफुलाच्या आतल्या पाकळीचा
तो मळका लाल,
डोळा मिटला तर हुकेल इतकाच.
पाण्यात. चस्स.

सदतिसावी ज्योतीत होती
आणि गल्ली ओरडली, "आली!"
ट्यूब दोनदा लुकलुकली. भिंती पांढऱ्या.
तात्यांनी पुंगळी पाण्यात सोडली, बाहेर काढली,
फिरवून फिरवून पाहिली
आणि चटईपासून लांब ठेवली.

मी म्हणाले, मोजलं मी, बाकीच्यांइतकंच झालं.
झाली असेल की.
"असीन?"
बत्तीचा कान पिळून त्यांनी ज्योत विझवली.
"दिसलं नही ते भरायचं नही."
नोंदवहीत रकाना आखून लिहिलं:
एक, बाद. कारण: उजेड.

ती माझ्याकडे आहे.
तिच्यात पेन्सिल बरोबर बसते,
ना ढिली ना घट्ट.
आमच्या गल्लीत हल्ली लाइट सहसा जात नाही.