एक घर डावीकडे

फळा जुना झालाय, खडू नुसता घसरतो,
म्हणून शहाबादी फरशीवरच घरं आखली:
एकक, दशक, शतक, हजार.
अशोक चौकामागची शाळा, मार्च लागला
की सकाळचीच भरते.

चौथीच्या या पोरांना कुणीतरी शिकवून ठेवलंय,
दहानं गुणायचं? शून्य चिकटवा, झालं.
टॉवेलच्या कोपऱ्याला लेबल लावावं तसं.
मला ते चालत नाही.
शून्य चिकटत नसतं रे,
आकडाच उठतो आणि सरकतो.

तीन म्हणून कार्तिक गाजूल एककात उभा.
"दहापट!"
"डावीकडे म्हणजे तुमच्या का आमच्या, बाई?"
खरंच की. माझ्याकडे तोंड केलेल्यांचं डावं उलटं.
मग ठरलं, यंत्रमागांचा आवाज येतो
ती डावी बाजू.
कार्तिक एक पाऊल खटखटाटाकडे सरकला
आणि तीस झाला.
होता तेवढाच, खिशात गोट्या,
गुडघा खरचटलेला.

रिकाम्या झालेल्या घरात तौफिक बागवान.
तो रोज शून्यच मागून घेतो.
एककाचं घर खिडकीशी, वारा लागतो,
शिवाय शून्याला, त्याच्या मते, काही काम नसतं.
"तू निघून गेलास तर?"
"तर कार्तिक परत तीनच, बाई."
"मग काम काय तुझं?"
जरा विचार करून म्हणाला,
"जागा धरायची. एस्टीत रुमाल टाकतात तसं."

शंभरपट, दोन पावलं.
हजारपट, तीन, आणि कार्तिक भिंतीला टेकला.

"हरिप्रिया, सात गुणिले हजार?"
"सात दिवस."
वर्ग हसला. मला हसू आलं नाही.
तिची आई मांडीवर सूप घेऊन
दिवसाला हजार विड्या वळते,
पंचविसाच्या चाळीस जुड्या.
हजाराला त्यांच्या घरी वेय्यी म्हणतात,
आणि वेय्यी म्हणजे तीन शून्यं नव्हेत,
वेय्यी म्हणजे दिवेलागणीपर्यंत वाकलेली पाठ.

"सात हजार, बाई," तिनं सुधारलं.
मग हळूच,
"छाट धरून का सोडून?"

पुस्तकात छाट नाही.
कारखान्याच्या खिडकीत कुणी मूठभर विड्या
धड न बघताच बाजूला सारतो,
हजाराचे नऊशे साठ होतात,
ते चाळीस मी कुठल्या घरात उभे करू?

तिच्या वहीत सात हजारावर बरोबरची खूण केली.
खाली पेन्सिलीनं, मी न सांगितलेलं:
सात चोक अठ्ठावीस, एक घर डावीकडे,
दोनशे ऐंशी गेले.
शेवटचं शून्य बारीक, घट्ट वळलेलं,
तोंड नीट मुडपून बंद केलेलं.

घंटा झाली. पोरं चपलांवर तुटून पडली.
खिडकीशी तौफिक तेवढा तसाच.
"बाई, जाऊ का?
का धरून ठेवू?"