शेऱ्याचा रकाना

तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजला दोन पाळ्या,
एक टेबल, एक वही.
रात्र माझी, दिवस मुकादम मॅडमचा.
सकाळी सात वाजता पाच मिनिटं
आम्ही दोघं एका खोलीत असतो.

मार्चमध्ये तीन नंबरचं दार उघडं राहिलं,
मटारची चाळीस पोती मऊ पडली.
त्या म्हणाल्या रात्री, मी म्हणालो दिवसा,
आणि हमालांसमोर म्हणालो,
ते जरा जास्तच झालं.

तेव्हापासून ती पाच मिनिटं बिनआवाजी.
किल्ल्या टेबलावर, हातात नाहीत.
बोलणं सगळं वहीत, शेऱ्याच्या रकान्यात,
जो आधी कोराच असायचा.

"दोन नंबरचा पंखा आवाज करतो. संबंधितांनी पाहावे."
संबंधित म्हणजे मी.
"पाहिले. आवाज पूर्वीपासून आहे."
"पूर्वीपासून म्हणजे कधीपासून, ते नमूद करावे."
एप्रिलमध्ये आम्ही कचेरीसारखे लिहू लागलो,
मे महिन्यात लाल शाई आली.
माझं मराठी सुधारलं, हे खरं.
'सदर' कुठे घालायचं ते कळलं.

गोवेकर साहेबांनी मीटिंग घेतली, समोसे आणले,
म्हणाले, मोकळेपणाने बोला.
आम्ही मोकळेपणाने समोसे खाल्ले.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर तक्ता:
संवाद हीच यशाची गुरुकिल्ली.
रात्री वहीत मॅडमचा शेरा:
"सदर तक्त्यामागे थर्मामीटर झाकला गेला आहे."
मी हसलो, एकटाच, दीड वाजता.
मग सही करताना चेहरा सरळ केला,
जणू वही बघतेय.

जुलैत वडील वाशीच्या हॉस्पिटलात.
दिवसा तिकडे, रात्री इकडे.
एका पहाटे उणे १८ च्या जागी
मी उणे ८१ लिहिलं,
चारही खोल्यांना,
आणि खाली ठसठशीत सही.
कोपरखैरणेच्या स्टॉपवर उतरताना आठवलं.
पोटात खड्डा पडला.
लाल शाईला आणखी काय हवं?

रात्री वही उघडली.
आकडे तसेच. बाजूला काहीतरी पुसट,
ट्यूबखाली तिरकं धरलं तेव्हा लागलं,
पेन्सिलीने:
"आकडे उलटे पडलेत. घरी ठीक ना सगळं?"

कॉम्प्रेसर बंद झाला. चालू झाला.
पेन्सिल आमच्याकडे नव्हती,
वॉचमन दिगंबरकडे सुडोकूची होती, ती मागून आणली.
लिहिलं, "वडील. आता बरे."
खाली लिहिलं, "हमालांसमोर बोललो, चुकलं."
खोडलं.
कागद जरा फाटला, तरी तिथेच परत लिहिलं.

सकाळी सात. किल्ल्या मॅडमच्या हातात दिल्या.
मोजणीला दोघं तीन नंबरमध्ये गेलो.
उणे अठरात बोललेलं दिसतं.
"दार मात्र तुम्हीच उघडं ठेवलं होतंत," मॅडम म्हणाल्या.
"नाही हो."
"तुम्हीच."
"नाही."
पोत्यांवरून वाफ इकडून तिकडे, तिकडून इकडे.

बाहेर आल्यावर मी दार लावलं.
मॅडमनी ओढून पाहिलं.
त्यांचं झाल्यावर मी.
मग परत त्या.