ज्यादाचा दोन किलो कसावा

रात्री आवाज सुरू झाले, की नार्सिसा आधी मोजते.
दोन-तीनवर थांबले तर कूस बदलते.
सहाच्या वर गेले, की उठते,
दिवा न लावता पोत्यात हात घालते
आणि ज्यादाचा दोन किलो कसावा सोलत बसते.

मी तिचा धाकटा. गाडी ढकलतो, कांदा चिरतो.
अंधारात सुरीची खरखर ऐकू आली
की मला कळतं, उद्या पातळ चिरायचा, भरपूर.

कारण सकाळी गिऱ्हाईक वाढतं.
पिवळी फीत बांधणारे,
पुंगळ्यांशेजारी आकड्यांच्या पाट्या मांडणारे,
कॅमेरेवाले, शववाहिकेचा ड्रायव्हर,
आणि बघे. बघ्यांना तर फारच भूक लागते.
टूना उकळत असतो, खाडीवरून वारा येतो,
फीत फडफडते, आणि आमची गाडी
फितीच्या बरोबर दोन पावलं अलीकडे.
तेवढं पोलीस चालवून घेतात.

गुआयाकिलच्या दक्षिणेला राहतो आम्ही.
इथं लोक विचारतात, कुठं?
विचारतात, रस्ता कधी सुटणार, बस वळवलीय का.
कोण, हे विचारायचं राहून जातं.
तो शब्द सुक्रेच्या नोटेसारखा झालाय:
डब्यात आहे, घडी करून जपलेला,
पण डॉलर आल्यापासून बाजारात कुणी घेत नाही.

मंगळवारी तिनं अकरा मोजले.
चार किलो सोलला.
सकाळी कोपरा रिकामा. एक झाडूवाला, एक कुत्रं.
कुणाच्या तरी पोरीला पंधरावं लागलं होतं म्हणे,
फटाके होते.
दहा वाजले तरी पातेलं अर्ध्यावरच.
पळी हातात धरून तिनं रस्त्याकडे पाहिलं
आणि दूधवाला आला नाही तर म्हणावं, तसं म्हणाली,
"आज एकही नाही?"

बाकावर सेन्योर ओलाया बसले होते.
त्यांनी वाडग्यातून मान वर केली नाही.
लिंबू मागितलं.
मी दिलं.
नार्सिसानं पळी खाली ठेवली, गॅस बंद केला.
गॅस आधीच बंद होता.

शनिवारी पुन्हा. या वेळी खरे.
मी पडल्या पडल्या सुरीची वाट पाहत होतो.
बराच वेळ काहीच नाही,
फक्त तिच्या खाटेची कुरकुर.
मग, अगदी उजाडता उजाडता, सुरी.
यादिराच्या शाळेचे पैसे भरायचे होते.

फितीच्या दोन पावलं अलीकडे.
पहिला वाडगा हवालदाराचा.
सुटे परत देताना तिनं विचारलं,
"कोण होता?"

तो तळहातावरच्या नाण्यांकडे बघत राहिला,
जणू तिनं मोड सुक्रेत दिलीय.
मग म्हणाला,
"कांदा टाक अजून थोडा."