तिसऱ्या बरगडीपर्यंत

व्हॅक्यूमची पिशवी दहा मिनिटांत तुंबायची.
सँडरखालच्या एका फळीला एक पिशवी,
मग धापा. मशीनच्या.
माझ्याही, पण त्या मोजत कोण होतं.

पहिली बादली रंगाची, वीस लिटरची,
तळाशी वाळलेला मोरपंखी थर.
झाकणाला दोन भोकं, दोन पाइप, भोवती एम-सील.
बटण दाबलं, नळीच्या तोंडावर तळवा ठेवून पाहिला
आणि बादली आत गेली,
चिलीम ओढताना गाल जातात तशी.
ऋजुता हसता हसता स्टुलावरून घसरली.
"मामा, बादलीनं श्वास घेतला!"
घेतला नाही, म्हटलं. घेता आला नाही.

मग सियागंजातून निळा ड्रम आणला, जाड.
दुकानदार म्हणाला, "भिया, इसमें तेजाब था, धो लेना."
मी तीनदा धुतला.
चौथ्यांदा ऋजुतानं, मला न विचारता.

चाळीस वर्षं पोलोग्राउंडला पॅटर्न केले.
पंपांची घरं, इम्पेलरची पाती:
आधी माझ्या लाकडात, मग त्यांच्या लोखंडात.
वावटळीचं घर मात्र कधी केलं नव्हतं.
पत्र्याचा शंकू करायचा तर आधी तो उलगडावा लागतो,
कागदावर सपाट, हातपंख्यासारखा.
कोन चुकला की तोंड मिटत नाही.
ऋजुताला म्हटलं, तू काढ.
तिनं काढला. अर्धा सूत कमी.
अर्ध्या सुतासाठी कारखान्यात पोरांना रडवलंय मी.
इथे गप्प बसून रिबिटा ठोकल्या.

नळी मधोमध घालायची नाही.
कडेनं, भिंतीला घासून,
उसने पैसे मागताना विषय काढतात तशी.
मग हवा गोल फिरते,
आणि फिरता फिरता तिच्या हातातलं सुटतं:
जड ते भिंतीवरून खाली,
हलकी ती एकटीच मधल्या पाइपानं वर.

भुसा किती साठला ते दिसायला हवं
म्हणून ड्रमला खिडकी कापली. काच नव्हती.
कपाटावर पाकिटात माझा छातीचा एक्स-रे होता.
डॉक्टर काय म्हणाले होते ते पाकिटावर लिहिलेलं नाही.
दोन थर, कडेनं अ‍ॅराल्डाइट,
रात्रभर वजनाला वाकस आणि जुना वाइस.

आमच्या सँडरवरचा हरिवल्लभ
तोंडाला पंचा बांधायचा,
चहाच्या सुट्टीत त्याच पंच्यानं कप पुसायचा.
निरोपाच्या दिवशी दोन शब्द बोल म्हणालो,
तर माइकसमोर नुसता खोकला.
आम्ही टाळ्या वाजवल्या.

सकाळी सुरू केलं.
नळीला हात लावला तर चटका, मुंग्यांचा.
तांब्याची तार गुंडाळून ती जमिनीत सोडली, मग शांत.
सागाची फळी लावली.
खिडकीत आधी काहीच नाही, ड्रमच्या पोटातला अंधार.
मग सगळ्यात खालची बरगडी पिवळी झाली.
मग तिच्या वरची.
"मामा, बंद करा."
का गं?
"बंद करा ना."

खालून तिसऱ्या बरगडीपर्यंत आलं की रिकामा करायचा,
मी म्हटलं, लिहून ठेव.
तिनं मार्करनं ड्रमवर रेघ मारली.
पुढे लिहिलं: इथपर्यंतच.
रेघ दुसऱ्या बरगडीवर होती. मी दुरुस्त केली नाही.

व्हॅक्यूम उघडला. पिशवीत दोन चमचे पीठ,
मैद्याहून बारीक.
हे कुठल्याच वावटळीचं ऐकत नाही.
बोटावर घेऊन पाहिलं,
फुंकलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली, गाणं लावून.
"गीला है कि सूखा?"
ऋजुता म्हणाली, सूखा.
त्यानं पोतं उचलून पाहिलं, वाकला.
"इतना सारा! निकला किधर से?"

ऋजुतानं वळून माझ्याकडे पाहिलं.
मी ड्रमचं झाकण बसवत होतो.
क्लिप नवीन आहे,
जरा जोर लागतो.